गिनीपिगची भाजी : निवडणे, साठवणे, धुणे

माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते रोज आहारातून मिळालं नाही तर त्याला स्कर्व्ही होतो. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांना हा रोग याच प्राण्यात दिसला.

म्हणून दादरच्या बाजारातून ढोबळी मिरची, कोथिंबीर आणा, पण थोडीच. साठवणीत क जीवनसत्त्व घटत जातं. सडकी पानं काढा. न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात ओली जुडी आधी पंख्याखाली सुकवा.

देताना धुवा, निथळा. दिवसाला साधारण एक कप पुरे. मुख्य आहार सुकं गवतच. कांदा, लसूण, बटाटा नकोच. उरलेली भाजी काही तासांत उचला.

आता मुलांना विचारा : आपल्याला क जीवनसत्त्व कशातून मिळतं?