नगरजीवन आणि इंग्रजीची परीक्षा : एक अभ्यासपाठ

दहावीच्या परीक्षेत आपल्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक धास्ती वाटते ती इंग्रजीची. गाइडमधील निबंध आणि पत्रे पाठ करणे हा तिच्यावरचा रूढ उपाय होय. परंतु सध्याच्या कृतिपत्रिकेत पाठांतराला फारसा वाव उरलेला नाही. ८० गुणांच्या लेखी परीक्षेत अपरिचित उताऱ्याचे आकलन, सारांश, पत्र, संवाद, माहितीचे रूपांतर, बातमी, मत-प्रतिमत आणि अनुवाद अशी कौशल्ये तपासली जातात. ऐनवेळी विषय बदलला की पाठ केलेला मजकूर निरुपयोगी ठरतो. याउलट ज्याला सांगण्यासारखे काही आहे, त्याला साध्या इंग्रजीतही उत्तर लिहिता येते. ‘आधुनिक शहरातील जीवन’ हा विषय पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षांत वारंवार येतो. आपली शाळा तर भिवंडीत आहे. तेव्हा या एकाच विषयाच्या आधारे सर्व कौशल्यांचा सराव कसा करावा, हे या पाठात पाहू.

१. शब्दसंग्रह

शब्द सुटा पाठ करू नये. त्याचे कुटुंब ओळखावे. भिवंडी ही यंत्रमागांची नगरी. म्हणून ‘वीव्ह’ या क्रियापदापासून आरंभ करावा. ‘वीव्ह, वोव्ह, वोव्हन’ ही त्याची तीन रूपे. ‘वीव्हर’ म्हणजे विणकर आणि ‘वीव्हिंग’ म्हणजे विणकाम. त्याचप्रमाणे ‘पोल्यूट, पोल्यूशन, पोल्यूटेड’ किंवा ‘क्राउड, क्राउडेड’ अशा जोड्या कराव्यात. कल्याण नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंतच्या दुकानांच्या पाट्या वाचल्या तरी वहीची दोन पाने सहज भरतील. प्रत्येक शब्दाचे स्वतःचे एक वाक्य लिहावे, म्हणजे तो शब्द आपला होतो.

२. माहितीचे रूपांतर

तक्त्यावरून किंवा प्रवाहचित्रावरून परिच्छेद लिहिणे हा हमखास गुण देणारा प्रश्न आहे. सरावासाठी कापडाचा प्रवास घ्यावा : सूत, मग वार्पिंग, मग ताण्याला खळ देणारे सायझिंग, मग मागावरचे विणकाम, मग ग्रे कापड, पुढे रंगाई-छपाई आणि शेवटी बाजार. या टप्प्यांवर लिहिताना कर्मणी प्रयोग वापरावा. ‘द यार्न इज साइझ्ड’, ‘द क्लॉथ इज वोव्हन’. दोन वाक्ये ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’, ‘फायनली’ या शब्दांनी सांधावीत.

येथे पालकांना आवर्जून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे आपण म्हणता. परंतु ज्यांनी मागावर, सायझिंगमध्ये किंवा गोदामात काम केले आहे, त्यांच्यापाशी या उत्तराचा आशय आहे. सुटीत मूल घरी आले की त्याला आपले काम टप्प्याटप्प्याने समजावून सांगा. इंग्रजीचा पेहराव ते स्वतः चढवील.

३. पत्रलेखन

महानगरपालिकेच्या आयुक्तांना रस्त्याविषयी पत्र लिहा, असा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी ‘द रोड इज व्हेरी बॅड’ असे लिहून थांबतात. चांगल्या पत्रात चार गोष्टी येतात : अडचण नेमकी कोठे आहे, केव्हापासून आहे, तिचा त्रास कोणाला होतो आणि आपली विनंती काय आहे. पत्ता, दिनांक, विषय, संबोधन व समारोप यांची चौकट पक्की असावी. तिला स्वतंत्र गुण असतात.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात भगवान बुद्धांनी वाणीची कसोटी सांगितली आहे. बोलणे सत्य असावे, हितकारक असावे आणि योग्य वेळी उच्चारलेले असावे. औपचारिक पत्राला याहून चांगली कसोटी नाही. अतिशयोक्ती नको, आक्रस्ताळेपणा नको आणि लाचारीही नको. नागरिक म्हणून केलेली मागणी सौम्य शब्दांत, परंतु ताठ मानेने करता येते.

४. बातमी

२१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधील तीन मजली जिलानी इमारत कोसळली. झोपेत असलेले अनेक रहिवासी मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी ढिगाऱ्याखालून माणसे बाहेर काढली. या घटनेवर बातमी लिहिताना शीर्षक, स्थळ-दिनांक, पहिल्या वाक्यात मुख्य घटना आणि त्यानंतर तपशील असा क्रम ठेवावा. येथे व्याकरणाची एक चूक नेहमी होते. ‘द बिल्डिंग वॉज कोलॅप्स्ड’ असे लिहू नये. ‘द बिल्डिंग कोलॅप्स्ड’ एवढेच बरोबर. मात्र रहिवाशांविषयी ‘वेअर रेस्क्यूड’ असेच लिहावे, कारण त्यांना दुसऱ्यांनी वाचवले. ‘भयंकर’, ‘हृदयद्रावक’ अशा विशेषणांची बातमीला गरज नसते. खरी माहिती नेमकेपणाने देणे हाच मृतांविषयीचा आदर होय.

५. मत-प्रतिमत

‘खेडे बरे की शहर?’ हा जुनाच प्रश्न आहे. गाइडमधील ठरावीक उत्तर असे असते : खेड्यात शांती, शुद्ध हवा आणि प्रेमळ माणसे, शहरात गर्दी, धूर आणि स्वार्थ. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांना हे खेडे कधी भेटलेच नाही. त्यांना भेटला तो गावाबाहेरचा वाडा आणि वेगळा पाणवठा. तरीही त्यांचे नातवंड परीक्षेत प्रेमळ खेड्याचे गुणगान करते, कारण तसेच लिहायचे असते असे त्याला वाटते. ही केवळ भाषेची उणीव नाही. येथे मूल स्वतःचा इतिहास बाजूला ठेवून दुसऱ्याचा इतिहास लिहीत असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना खेड्याच्या या गोडव्यांवर कठोर टीका केली आणि मसुद्यात गाव नव्हे, तर व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यांचे स्वतःचे शिक्षणही शहरांतून घडले. परळच्या चाळीत राहून, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकले. शहराच्या बाजूने लिहायचे असेल तर हे मुद्दे आहेत : जातीने लादलेला धंदा सोडण्याची संधी, शाळा, ग्रंथालय आणि संघटना.

प्रतिमतही त्यांच्याच चरित्रात सापडते. १९१७ साली बडोद्यासारख्या मोठ्या शहरात, परदेशातून शिकून आलेल्या या विद्वानाला राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. म्हणजे शहरात आल्याने जात आपोआप गळून पडत नाही. आजही भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाते. एकाच जीवनातून दोन्ही बाजू अशा मांडता येतात. परीक्षकाला आपले मत पटलेच पाहिजे असे नाही. मुद्दे सुसंगत आणि भाषा शुद्ध असली की गुण मिळतात. म्हणून निर्भयपणे लिहावे.

६. अनुवाद

फेरीवाला, गोदाम, पदपथ, वाहतूक कोंडी या रोजच्या शब्दांपासून सुरुवात करावी : हॉकर, वेअरहाउस, फूटपाथ, ट्रॅफिक जॅम. वाक्य शब्दशः उलटवू नये. ‘यंत्रमाग रात्रंदिवस चालतात’ हे नेहमीचे सत्य आहे. म्हणून ‘पॉवरलूम्स रन डे अँड नाइट’ असे लिहावे, ‘आर रनिंग’ नव्हे.

सरावाचा क्रम

आठवड्याचे सहा दिवस या सहा कौशल्यांना द्यावेत. रोज अर्धा तास पुरेसा आहे. वसतिगृहात दोघांनी जोडी करावी, एकाने लिहावे आणि दुसऱ्याने तपासावे. रविवारी आठवड्यातील एक उत्तर सुधारून नव्याने लिहावे, कारण सुधारून लिहिण्यातच खरी प्रगती होते.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी गोदामांच्या कार्यालयात, कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात काम करीत आहेत. महिन्यातून एक तास शाळेत येऊन मुलांशी आपल्या कामाविषयी इंग्रजीत बोलावे. तोंडी परीक्षेचा तो उत्तम सराव होईल. शिवाय ही भाषा आपल्यासारख्याच घरातील माणसे बोलतात, हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

परीक्षा तीन तासांची असते. परंतु आपले शहर डोळसपणे पाहणे आणि पाहिलेले सत्य निर्भयपणे लिहिणे ही सवय जन्मभर सोबत करते. सर्व परीक्षार्थींना मंगल कामना!