चाक काढण्याआधी ‘तिवई’ पक्की करा: दारात सर्व्हिस देणाऱ्यांसाठी धडा



ग्राहकाच्या दारात जाऊन बाईक सर्व्हिस द्यायची, असा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात आहे. टायर, ट्यूब, बेअरिंग, चेन स्प्रॉकेट, या कामांना चाक उतरवावंच लागतं. गॅरेजमध्ये रॅम्प असतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नसतो. आणि ग्राहकाची गाडी तुमच्या हातून पडली, तर टाकी, हँडल, लिव्हरचा खर्च तुमचा. वर नाव जातं ते वेगळंच.

उदाहरण घेऊ रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चं. बीएस-६ मॉडेलचं वजन १९९ किलो. मेन स्टँड आहे, हे आपल्या फायद्याचं.

आजचं एकच सूत्र: तिवई

मेन स्टँडचे दोन पाय आणि जमिनीला टेकलेलं एक चाक, असे तीन टेकू गाडीला कायम हवेत. मागचं चाक काढलं की मागचा भार कमी होतो आणि गाडी पुढच्या चाकावर टेकून राहते. पुढचं काढायचं असेल तर पुढून उचलावं लागतं, तेव्हा तिसरा टेकू जॅक किंवा मागचं चाक. म्हणून दोन्ही चाकं एकदम काढायची नाहीत. एक काढा, बसवा, मग दुसरं.

क्रमाने असं करा

१. जागा सपाट आणि कोरडी बघा. गुळगुळीत फरशी किंवा उतार असेल तर नाही म्हणा. मातीवर स्टँडखाली जाड प्लायवूड घाला.

२. पॅनियर आणि सगळं सामान उतरवा.

३. दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच अ‍ॅक्सल नट पाव फेरा सैल करा. उचललेल्या गाडीवर लांब पान्याने जोर लावला की गाडी कलंडते.

४. मदतनीस घेऊन मेन स्टँडवर चढवा. गाडी पुढे सरकली तर स्टँड मिटतो, म्हणून स्टँड पट्ट्याने पुढे फ्रेमला बांधा.

५. पुढच्या चाकासाठी जॅक इंजिनखालच्या फ्रेमला, मध्ये लाकडी ठोकळा ठेवून लावा. सायलेन्सर आणि पातळ पत्र्यावर भार नको. चाक जमिनीपासून बोटभर सुटलं की थांबा.

६. गाडी दोन्ही बाजूंनी हलकेच ढकलून बघा. डुगडुगली तर पुन्हा नीट बसवा. मगच अ‍ॅक्सल ओढा. हात आणि पाय गाडीखाली नकोत.

७. चाक निघालं की ब्रेक लिव्हर दाबायचा नाही, नाहीतर कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात. पॅडमध्ये जाड पुठ्ठा ठेवा. एबीएसच्या सेन्सरची वायर ताणू नका.

मेन स्टँड नसलेल्या गाडीला पॅडॉक स्टँड लागतो. तो बसवताना मदतनीसाने हँडल धरायचंच.

गाडी ताब्यात देण्याआधी

गाडी खाली उतरवून अ‍ॅक्सल नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळा. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला. मागचं चाक काढलं असेल तर चेनचा ताण तपासा. आणि ब्रेक लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करा. हे विसरलात, तर ग्राहकाचा पहिलाच ब्रेक लागणार नाही.

गृहपाठ: हे सगळं एका कार्डावर लिहून टूल बॉक्समध्ये ठेवा. पहिल्या दहा गाड्या कार्ड बघूनच करा. मग बघा, ग्राहक दुसऱ्यांदा फोन कोणाला करतो!