ब्रिज बदलण्याआधी

माझं बालपण भोपाळच्या पिपलानीत, भेलच्या वसाहतीत गेलं. १९५६ साली एईआय या ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि कारखान्यासाठी देशभरातून माणसं इथे आली. त्यांत मराठी घरंही होती. बाबा कारखान्यात टर्नर होते. व्हर्नियर कॅलिपर आमच्या घरातच असायचा, आणि अंदाजाने केलेल्या कामाला बाबा काम म्हणतच नसत. पुढे मी गणेशोत्सवातल्या आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवली. आता बरीच वर्षं मुलांच्या इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करतो. या कामात पैसा आणि उमेद सगळ्यात जास्त कशावर वाया जात असेल, तर ती ब्रिजवर. महिनोन्‌महिने पैसे साठवून मुलं बाहेरगावाहून ब्रिज मागवतात आणि तो बसत नाही. त्यांच्यासाठी हे चार बोल.

१. आधी दोष ब्रिजचाच आहे याची खात्री करा

‘ब्रिज बदलून द्या’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गिटारींचा ब्रिज ठणठणीत असतो. सूर टिकत नाही ही नेहमीची तक्रार. अशा वेळी गिटार नीट सुरात लावा, ट्रेमोलोचा दांडा खाली दाबा आणि सोडा. तार मूळ सुरापेक्षा चढी परतली, तर ती वर नटच्या खाचेत अडकतेय. दांडा दाबल्यावर सैल पडलेली तार खुंटीकडे सरकते आणि परत यायच्या वेळी खाच तिला सोडत नाही. तार ओढून सोडल्यावर सूर उतरत असेल, तरी आधी नटच बघा. खाचेत शिसपेन्सिलीची पूड भरली की पुष्कळदा काम भागतं.

तारा वारंवार तुटत असतील तर तुटलेला तुकडा फेकू नका. तार नेमकी कुठे तुटली ते बघा. दर वेळी सॅडलवरच तुटत असेल, तर तिथे धातूची बारीक कड उठलेली असते. नखाने चाचपलं तर ती जाणवते. हजार नंबरच्या वॉटर पेपरची घडी करून चार हात फिरवले की ती जाते. खरखर येत असेल तर तार छेडून एकेका सॅडलवर बोट दाबून बघा. बोट ठेवताच आवाज थांबला तर त्या सॅडलचा उंचीचा स्क्रू सैल आहे. ट्रेमोलोवाल्या गिटारीत मागच्या स्प्रिंगाही गुणगुणतात, त्यांच्यात फोमचा तुकडा सरकवून ठेवा.

स्क्रूचे आटे गेलेत, प्लेट वाकलीय, खांब पुढे कललेत, सॅडल मागे सरकवायला जागाच उरली नाही, ट्रेमोलोची धार बोथट झालीय, असं काही दिसलं की मगच नव्या ब्रिजचा विचार करा.

२. ‘स्ट्रॅटसाठी’ हे माप नव्हे

कोलार रोडकडचा एक मुलगा नवा ब्रिज घेऊन आला होता. डबी अजून चकचकीत. “काका, वर लिहिलंय ना, स्ट्रॅटसाठी!” मी गिटारीचा जुना ब्रिज काढला आणि सहा स्क्रूंच्या भोकांचं अंतर मोजलं, पहिल्या भोकाच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत. ते भरलं ५२.४ मिलिमीटर. नव्या ब्रिजचं होतं ५६.४. फरक अवघा चार मिलिमीटरांचा. मधली दोन भोकं जवळजवळ जुळत होती आणि कडेची दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर बाहेर जात होती. हातोडी मारून किंवा जोर लावून ती बसणार नव्हती. ब्रिज परत पाठवला आणि मापाचा मागवला.

फेंडरच्या १९५४च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरपासून चालत आलेलं माप ५६.४चं. पुढे आशियात बनलेल्या पुष्कळ गिटारींवर आणि मेक्सिकोत बनलेल्या फेंडरच्या बऱ्याच गिटारींवर ५२.४चं माप आलं. नाव दोन्हींचं स्ट्रॅटच. त्यात दोन खांबांवर टेकणारे ट्रेमोलो निराळे, त्यांची भोकं मोठी आणि मोजणीही वेगळी. म्हणून पैसे पाठवण्याआधी गिटार उघडा आणि मोजा.

भोकाचा मध्य डोळ्यांनी पकडता येत नाही. पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून सहाव्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारख्या आकाराची असली की हेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर असतं. प्लास्टिकचा स्वस्त व्हर्नियरही या कामाला चालतो. कपडे शिवायची टेप मात्र नको.

दुसरं माप तारांच्या पसाऱ्याचं. जाड ई आणि बारीक ई या दोन तारांतलं अंतर सॅडलवर मोजायचं. पसारा गरजेपेक्षा मोठा झाला तर वरच्या फ्रेटांवर बारीक ई फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरते, आणि मुलाला वाटतं आपलं बोट चुकतंय. तारा पिकअपच्या चुंबकांवरून जातात का तेही याच वेळी बघा.

तिसरं माप ब्रिजखालच्या ठोकळ्याचं. नेहमीच्या स्ट्रॅटची बॉडी सुमारे ४४-४५ मिलिमीटर जाड असते. कमी किमतीच्या काही गिटारींची त्याहून पातळ असते. अशा गिटारीत पूर्ण उंचीचा ठोकळा घातला की तो मागून बाहेर डोकावतो आणि मागचं झाकण लागत नाही.

उरलं नटपासून सॅडलपर्यंतचं अंतर. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा. फेंडरच्या घराण्यात हे सुमारे ६४८ मिलिमीटर भरतं. बारीक ईचं सॅडल साधारण तिथे येतं आणि जाड तारांची त्याच्या मागे जातात. नव्या ब्रिजच्या सॅडलांना तेवढी मागे-पुढे सरकायची जागा मिळते ना, हे जुना ब्रिज काढायच्या आधीच ताडून बघावं.

३. आट्यांशी जबरदस्ती नको

ट्रेमोलोच्या दांड्याचे आटे दोन पद्धतींचे असतात. अमेरिकी मापात १०-३२, मेट्रिकमध्ये एम-५ किंवा एम-६. यातली फसवी जोडी १०-३२ आणि एम-५ची. दोघांच्या आट्यांतलं अंतर जवळजवळ सारखं, पण एम-५ची जाडी पाच मिलिमीटर आणि १०-३२ची साधारण ४.८. त्यामुळे १०-३२चा दांडा एम-५च्या भोकात सहज शिरतो आणि मग कायम डुगडुगतो. उलट एम-५चा दांडा १०-३२च्या भोकात दोन फेरे जाऊन रुततो. तिथे पक्कड लावली की ठोकळ्यातले आटे कायमचे गेले.

सॅडलच्या बारीक स्क्रूंचंही तेच. अमेरिकी मापाला ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिलिमीटरची ॲलन की लागते, मेट्रिकला बहुधा दीड मिलिमीटरची. दोन्ही जवळ ठेवा.

ठोकळ्यातले आटे गेलेच, तर अख्खा ब्रिज टाकून द्यायची गरज नाही. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले खरादवाले टॅप मारून मोठे आटे पाडून देतात. मात्र जाताना दांडा बरोबर न्या. नुसतं तोंडी माप सांगून हे काम होत नाही.

४. गिब्सन घराण्याचा ब्रिज

ट्यून-ओ-मॅटिक हा गिब्सनचा ब्रिज, तोही पन्नासच्या दशकातलाच. दोन खांबांतलं अंतर बहुतेक ठिकाणी ७४ मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. अडचण खांबांच्या जाडीत येते. जुन्या धर्तीच्या एबीआर-१चे खांब बारीक आणि थेट लाकडात बसणारे, नंतरच्या नॅशव्हिलचे जाड आणि धातूच्या बुशमध्ये फिरणारे. तेव्हा खांबही मोजा. यात सॅडलांची गोलाई ब्रिजच्या घडणीतच ठरलेली असते, ती फिंगरबोर्डच्या गोलाईशी जुळली पाहिजे. एवढं सांभाळलं की हा ब्रिज बदलायला सगळ्यात सोपा.

५. फ्लॉइड रोझची हौस

साध्या गिटारीवर फ्लॉइड रोझ बसवून द्या, असं दर मोसमात कोणीतरी म्हणतंच. दोन्ही टोकांना तार करकचून धरणारा हा ट्रेमोलो फ्लॉइड रोझ या अमेरिकी गिटारवादकाने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केला, आणि सूर टिकवण्यात तो खरोखर अव्वल आहे. पण त्यासाठी बॉडीचं लाकूड राउटरने कोरावं लागतं आणि नट काढून कुलूपबंद नट बसवावा लागतो. कोरलेलं लाकूड परत येत नाही. मी मुलांना सरळ सांगतो, हा हवाच असेल तर तो असलेलीच गिटार घ्या.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी एक पथ्य पाळावं. तारा ताणलेल्या असताना खांबांची उंची फिरवू नये. ट्रेमोलोची धार खांबाच्या खोबणीवर घासली की बोथट होते, आणि मग सूर जागेवर परतत नाही.

६. धातू आणि तार टेकते ती जागा

स्वस्त ब्रिजचे ठोकळे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि महागड्यांचे पोलादी किंवा पितळी. पोलाद ओळखायला लोहचुंबक पुरे. घट्ट चिकटला तर पोलाद. जस्त आणि पितळ त्याला दाद देत नाहीत. धातू बदलल्याने आवाजात फरक पडतो, पण दुकानदार सांगतात तेवढा नाही. माझं मत विचाराल तर पहिला पैसा चांगल्या सॅडलांवर घालावा. तार शेवटी टेकते ती तिथेच.

इथे मला नेहमी तंबोरा आठवतो. भोपाळच्या ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी शिष्य घडवले, त्यामुळे या शहराच्या कानाला तंबोऱ्याची सवय आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद ठेवतात आणि कानसीने इतका हळुवार घासतात की तार त्याला पुसटशी चाटत राहते. तीच जवारी. गिटारला याच्या नेमकं उलटं हवं. तार सॅडलच्या एकाच बिंदूवरून स्वच्छ सुटली पाहिजे. वर्षानुवर्षं वाजून सॅडलचा माथा सपाट झाला, खाच लांबट पडली, की गिटार सतारीसारखी झणझणू लागते. १९६७ सालच्या कोरल इलेक्ट्रिक सितारवर तर हाच परिणाम साधण्यासाठी मुद्दाम सपाट ब्रिज दिला होता. म्हणून गिटारीतून सतारीचा आवाज येऊ लागला तर पिकअपला दोष देऊ नका. सॅडल काढा, उजेडात धरा, आणि तारेने पाडलेली खाच पुढच्या बाजूला किती पसरलीय ते बघा.

७. बसवताना क्रम पाळा

९ नंबरच्या तारांचा एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो आणि १० नंबरच्या तारांचा सुमारे ४६ किलो. ट्रेमोलो हा सगळा ताण मागच्या स्प्रिंगांवर तोलून धरतो. म्हणून आधी कुठल्या तारा वापरणार ते ठरवा आणि मगच जुळणी करा. तारा जाड केल्या की ब्रिज मागून उचलला जातो. मग मागचा क्लॉ थोडा आवळायचा आणि पुन्हा सुरात लावायचं, ब्रिज हव्या उंचीवर स्थिरावेपर्यंत. सहा स्क्रूंच्या ब्रिजची मागची कड बॉडीपासून सुमारे तीन मिलिमीटर वर ठेवावी. हे सहाही स्क्रू करकचून आवळले तर ब्रिज हलणार कसा? कडेचे दोन प्लेटला टेकेपर्यंत घ्या आणि मधले चार दीडेक मिलिमीटर वर ठेवा.

त्यानंतर उंची आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, तेही नव्या तारांवर. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे. सॅडल सरकवताना तार थोडी सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे खराब होतात.

८. आपली हवा

मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत. जून सरता सरता पाऊस लागला की तेच लाकूड दमटपणा पितं आणि नेक हलतो. मेमध्ये केलेली जुळणी ऑगस्टमध्ये जागची हलली तर ब्रिज बदलायला धावू नका, आधी नेकचा बाक तपासा. पावसाळ्यात घामाने सॅडलचे स्क्रू गंजून जाम होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने ब्रिज पुसावा आणि स्क्रूंना सुईच्या टोकावर मावेल एवढं मशीनचं तेल द्यावं.

९. अर्थिंग, आणि हे कृपा करून ऐका

ब्रिजला, किंवा स्ट्रॅटमध्ये मागच्या क्लॉला, एक बारीक वायर जोडलेली असते. तीच तारांना अर्थ देते. ब्रिज बदलताना ती तुटते, किंवा काळा रंग दिलेल्या नव्या ब्रिजला तिचा नीट स्पर्श होत नाही. मग घरघर सुरू होते आणि तारेला हात लावला तरी थांबत नाही. मल्टिमीटरचं एक टोक तारेवर आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीवर ठेवा, वाचन शून्य ओमच्या जवळ आलं पाहिजे. येत नसेल तर रंग खरवडून धातूला धातू भिडवा.

पण तारा अर्थला जोडलेल्या असतात, याचा मांडवात एक धोकाही आहे. अर्थिंग धड नसेल, माइक एका बोर्डवरून आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डवरून चालत असेल, तर हातातली तार आणि ओठांजवळचा माइक यांच्यामधून वीज अंगातून जाऊ शकते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक भर कार्यक्रमात असाच माइकला हात लावताच गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता. आपल्याकडे गणपतीचे दिवस पावसाचे, स्टेज ओलं, आणि वायरिंग घाईघाईत केलेलं. गाणं सुरू करण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला. आकडा दोन-चार व्होल्टांच्या वर गेला तर कार्यक्रम कितीही खोळंबला तरी गिटार खाली ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. माइकचा मिक्सर आणि गिटारचा ॲम्प्लिफायर एकाच, अर्थ असलेल्या बोर्डवर घ्यायला सांगा. घरघर थांबते म्हणून ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कोणी कापून ठेवली असेल, तर नवा प्लग लावल्याशिवाय त्या ॲम्प्लिफायरला गिटार जोडू नका.