पाहिलेला आचार

आचार शास्त्रातून कळतो. अंगी बाणतो तो पाहण्याने. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अहिंसेचे निरूपण केले, तशीच ती आचरूनही दाखविली. शिकाऱ्यांपुढून पळत आलेला ससा आश्रयाला आला, तेव्हा स्वामींनी त्यास अभय दिले. सन्निध भक्तांना त्या प्रसंगी अहिंसा डोळ्यांनी पाहावयास मिळाली.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर ते सन्निधान अंतरले. मग पुढील साधकांनी पाहावे काय? म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांना विचारून, श्रीनागदेवाचार्यांच्या साहाय्याने लीळाचरित्र सिद्ध केले, ते याच उणिवेची भरपाई होय. केसोबासांनी पुढे सूत्रे निवडून वेगळी केली. तरी ‘प्रकरणवश’ टीकेने प्रत्येक वचनाचा प्रसंग जपला. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण म्हणजे एका अर्थी न पाहिलेले पाहणेच.

आधुनिक मानसशास्त्रही याच्या जवळ येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा व सहकाऱ्यांनी १९६१ साली ७२ बालकांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाने फुगीर बाहुलीला मारताना ज्यांनी पाहिले, त्यांनी पुढे तसेच मारले. १९६५ च्या प्रयोगात त्या माणसास शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. परंतु बक्षीस देऊ करताच पाहिलेले सारे इतरांइतकेच करून दाखविले. म्हणजे भयाने कृती थांबली, शिकणे थांबले नव्हते.

हा विचार वासनिकांच्या घरास लागू करून पाहावा. पुण्याच्या शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांत एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे नांदत. मुलांना दहा घरांचे वर्तन दिसे. आज पुष्कळ वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. दार लागले की बालकापुढे उरतात ती आईवडील आणि आजीआजोबा. पिता सकाळी अहिंसेचे सूत्र म्हणतो आणि सायंकाळी मुलावर हात उगारतो. तर त्या बालकाने सूत्र ऐकले, पण शिकले काय? हातच. ते आज गप्प बसेल. समय येताच तोच हात धाकट्या भावंडावर उठेल.

यास्तव मुलाकडून सूत्रे पाठ करून घेण्यापूर्वी उपदेशीने आपला दिवस तपासावा. सेवकाशी बोलणे, मुंगीवरून पाऊल उचलणे, रागाच्या क्षणी थांबणे, हेच घरातले पहिले प्रकरण होय. चूक घडलीच तर ती मुलादेखत कबूल करावी. अनुतापही पाहूनच शिकला जातो.