पडवीतला धूर

नाशिक,
दि. ११ जानेवारी २०२६

चि. सोनीस,


फोन केला की तू नुसतं "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि मागे मशीनचा आवाज चालूच असतो. शिवाय तुझी आई पलंगावर पडून सगळं ऐकते, आणि मला तिच्याविषयीच लिहायचं आहे. म्हणून कागद घेतला. पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस.

काल तुझे धाकटे काका दवाखान्याच्या कामाने इकडे आले होते. सारंगखेड्याच्या यात्रेत तू लावलेलं दुकान पाहिलं म्हणाले. घोड्यांच्या बाजारातून फिरून दमलेल्या बायका तुझ्यासमोर बसून रेक्झिनची कानातली कानाला लावून बघत होत्या, हे त्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं की तुझ्या मामीने दोनदा विचारून घेतलं. मग जेवताना सहज बोलून गेले, "पोरगी आता लेझरचं मशीन घेतेय. सुरतेचं जुनं आहे. बचत गटातून कर्ज उचलतेय. पडवीतच बसवणार." माझा घास हातातच राहिला.

सोनी, हे खरं आहे का? कर्जाचं मला काही वाटत नाही, कर्ज फिटतं. पडवीत बसवणार, हे ऐकलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. पडवी आणि मधली खोली यांच्यामध्ये एकच दार आहे. ते खालून दोन बोटं उचललेलं आहे, कारण ते मीच बसवलं आणि नीट बसवलं नाही. त्या दारापलीकडे कोण झोपतं आणि तिच्या उशाशी काय ठेवलेलं असतं, हे तुला मी सांगायला नको.

तुझं आत्ताचं मशीन पात्याने कापतं. पातं बोथट झालं तर धागा लोंबतो, एवढंच. लेझर कापत नाही, जाळतो. काय जाळतो ते बघ. बाजारात मिळणारं बहुतेक स्वस्त रेक्झिन म्हणजे सुती किंवा विणलेल्या कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. शुद्ध पीव्हीसीच्या शंभर ग्रॅम वजनात सुमारे ५७ ग्रॅम क्लोरीन असतो. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि तो डोळ्याच्या, घशाच्या, छातीच्या ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं. फरशी धुवायला बाटलीतून आणतो ना, तेच ॲसिड. बारावीला तू हे समीकरण लिहून मार्क मिळवलेस. मला पेपर दाखवायला धावत आली होतीस. मग मशीन ठरवताना ते कुठे गेलं? एवढी शिकलेली पोरगी, घरात दम्याचं माणूस, आणि तू त्याच हवेत आम्ल सोडणार? मला राग आला आहे, तो लपवत नाही.

इथे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकानांचे बोर्ड करणारा एक जण आहे. त्याच्याकडे मोठा लेझर आहे, छतावर नळी काढून पंखा लावलेला. तुझं कळल्यावर आज सकाळी त्याच्याकडे जाऊन बसलो. तो लेझरवर ॲक्रिलिक कापतो, लाकूड कापतो. सनबोर्ड मात्र हाताने पट्टी धरून कटरने कापतो. का, विचारलं. म्हणाला, "सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, काका. एकदा नवशिक्या पोराने घातला. माणसाचं सोडा, महिन्याभरात मशीनच्या आतल्या लोखंडी पट्ट्यांना गंज धरला." लोखंडाची ही गत होत असेल तर छातीचं काय होत असेल, याचा तू विचार कर.

विकणारा सांगेल, हे पीव्हीसी नाही, पीयू आहे, बिनधास्त जाळा. पीयूत क्लोरीन नसतो हे खरं, पण त्याचा धूरही श्वासात घेण्याजोगा नाही. आणि गठ्ठ्यातून फाडून दिलेल्या तुकड्यावर कुठे नाव लिहिलेलं असतं? ओळखायची खूण मला सुरतेला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिली होती. विजेच्या वायरीतली तांब्याची तार सोलायची, चिमट्यात धरून निळ्या ज्योतीत लाल करायची, तशीच रेक्झिनला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की समजायचं, क्लोरीन आहे. करायचंच असेल तर अंगणात कर, एकदाच, वाऱ्याकडे पाठ करून. माल मऊ आणि हलका म्हणून पीयू घे, जाळायला म्हणून नको.

दिवाळीत आलो तेव्हा तू कडेचे धागे लायटरने जाळत होतीस. पडवीचं दार उघडं होतं आणि आत तुझी आई फराळाचं ताट लावत होती. मी तेव्हा बोललो नाही. सणाचा दिवस, पोरगी हौसेने करते आहे, म्हणून गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तुला लेझर का हवा ते मला कळतं. शहाद्याच्या दुकानाची चारशे जोड्यांची मागणी आहे, होळीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी माल द्यायचा आहे, आणि पात्याने कापलेल्या पाकळीच्या टोकाशी कापडाचा धागा राहतो. पण हा दोष पात्याचा नाही. मी पाहिलं, तू रेक्झिन मशीनच्या मॅटवर चमकती बाजू वर ठेवून लावतेस. खालचं लवदार कापड मॅटला नीट चिकटत नाही, तुकडा हलतो आणि मॅटची चिकटही दोन दिवसांत जाते. उलट लाव. चमकती बाजू खाली, नक्षी स्क्रीनवर आरशासारखी फिरवलेली. म्हणजे पातं आधी कापडात शिरेल आणि धागा तिथेच तुटेल. चारही कडांना मास्किंग टेप मार. एकाच वेळी जोर देण्यापेक्षा दोनदा फिरव. पातं मधूनमधून ॲल्युमिनियमच्या कागदाच्या गोळ्यात टोचून साफ कर, आणि मागणी मोठी असेल तर नवं घाल. पात्याला पैसे लागतात म्हणून जुन्यावर रेटू नकोस. एक चादर वाया गेली तरी त्याहून जास्त जातात.

आणि कार्डावर "व्हीगन लेदर" छापतेस ते मला पटलेलं नाही. रेक्झिन म्हण. रेक्झिन हेही मुळात विलायतेतल्या एका कंपनीच्या मालाचं नाव, पण आपल्याकडे शाळेच्या दप्तरापासून एसटीच्या सीटपर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे. सारंगखेड्याला खोगिरं विकणारे कारागीर बसतात, त्यांच्यासमोर चामड्याचं नाव चालत नाही. ते कापलेली कड बघूनच सांगतात. चामड्याच्या कडेला वरपासून खालपर्यंत एकच तंतू, रेक्झिनच्या कडेला खाली कापड आणि वर साय.

आता जे लिहायचं म्हणून कागद घेतला ते लिहितो.

मी सुरतेहून काम शिकून आलो आणि १९७९ साली त्याच पडवीत दुकान टाकलं. आपला तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. धडगाव, अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या जीपगाड्यांची सीटं, सायकलीची कव्हरं, पिशव्या, सगळं शिवायचो. माझ्या हाताला चव होती, असं लोक म्हणायचे, आणि मला त्याचा माज होता. गिऱ्हाईक आलं की काडी ओढून एक तुकडा चामड्याचा आणि एक रेक्झिनचा जाळून दाखवायचो. चामड्याला केस जळल्यासारखा वास येतो, रेक्झिन वितळून थेंब गळतो. तुझी आई बाजूला बसून टाळ्या वाजवायची.

१९८३ च्या पौषातली गोष्ट. सातपुड्यावरून असा गार वारा उतरला होता की बोटं वळेनात. एका जीपवाल्याला सकाळपर्यंत सगळी सीटं हवी होती. वीज गेलेली. तुझी आई बारा वर्षांची, ती कंदील धरून माझ्याजवळ बसली, सुईत दोरा ओवून देत होती. मी ऊब म्हणून घमेल्यात कतरण पेटवली. रेक्झिनची कतरण चांगली धगधगते, आणि तिचा ढीग फुकट पडलेला असायचा. दार लावून घेतलं होतं, वारा लागू नये म्हणून. काळा धूर झाला, डोळे चुरचुरले. ती दोनदा म्हणाली, "दादा, धूर लागतोय." मी म्हणालो, "थांब जरा, एवढी शिवण होऊ दे."

ती थांबली. पहाटेपर्यंत थांबली. तिला उठून जा म्हणालो असतो तरी ती गेली नसती, कंदील कोणी धरला असता? पण मी म्हणालोच नाही.

त्या वर्षी तिचा खोकला होळीपर्यंत गेला नाही. पुढे दर थंडीत येऊ लागला. डॉक्टरांनी कधी असं सांगितलं नाही की त्या रात्रीमुळेच दमा लागला. घरात चूल होती, आमच्या आजीलाही दमा होता. हे सगळं मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. मोठेपणी एकदा धीर करून तिला विचारलं तर हसून म्हणाली, "काहीच नही व्हयनं रे भाऊ," आणि भाकरी थापत राहिली. तिला ती रात्र आठवत नाही असं दाखवते. मला माहीत आहे, आठवते.

तुझे वडील गेल्यावर ती तुला घेऊन परत आली आणि मी घर तिच्या नावावर करून दिलं, तेव्हा गावाने माझं नाव काढलं. भावाने बहिणीसाठी केवढं केलं म्हणाले. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यामागचं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या मामीलाही नाही. आज तुला लिहितो आहे.

म्हणून म्हणतो, त्या पडवीत परत धूर नको. तुझ्या मशीनचा नको, लायटरचा नको, उदबत्तीच्या टोकाचाही नको. चिकटवायचं सोल्युशनसुद्धा आत बसून लावू नकोस. त्याने माझं डोकं वर्षानुवर्षं दुखलं आणि मी ते उन्हाचं समजत राहिलो. अंगणात, लिंबाखाली लावत जा.

वर रागाने लिहिलं ते परत वाचलं. खोडणार होतो, पण राहू दे. तू माझ्यासारखी नाहीस. तुला फक्त कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने सांगायचं तो दिवाळीत लाडू खात बसला होता. तू हातातली अंगठी मोडून पहिलं मशीन घेतलंस तेव्हा घरात सगळे बोलले, मीसुद्धा. पण काल तुझ्या काकांनी दाखवलेली एक जोडी मी ठेवून घेतली आहे. पिंपळाचं पान, मधली शीर कोरलेली, वजन हाताला कळत नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात एवढी बारीक कड मला काढता आली नाही.

चारशे जोड्यांचा रस्ता आहे. चपलांचे, पर्सचे कारखानदार लोखंडी पट्टीची डाय करून घेतात. डाय मालावर ठेवायची, वरून हाताच्या प्रेसने दाबायचं, दोन-तीन थर एकदम निघतात. जाळ नाही, धूर नाही. तुझ्या पानाच्या दोन मापांच्या डाय मी इथून करून आणतो, पैशाचं बोलू नकोस. कर्ज अजून उचललं नसेल तर थांबव. उचललं असेल तर पहिले हप्ते माझ्याकडे. माझा पंचांचा डबाही आणतो. सहा मापांचे आहेत, धार लावून ठेवली आहे, मूठ अजून घट्ट आहे.

एक काम माझंही कर. तुझ्या आईला शाळेत असताना लाल रेक्झिनची पर्स हवी होती. मी तुकडा बाजूला काढला होता आणि जीपच्या कामात कधी शिवलीच नाही. तो तुकडा परवा ट्रंकेत सापडला. आता कडक झाला आहे, घडीवर तडे गेले आहेत, त्याचं काही होणार नाही. पण त्याच रंगाचं मऊ पीयू बघून तिच्यासाठी एक लहान जोडी कर. तिच्या कानाच्या पाळ्या ओघळल्या आहेत, कुड्या तिला आता ओढतात म्हणून घालत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिच्या जोडीला तुझ्या नेहमीच्या पिवळ्या तारा लावू नकोस. निकेलने कान चिघळतो. आपल्या सराफाकडून चांदीच्या करून घे. मी सांगितलं असं तिला म्हणू नकोस.

शनिवारच्या एसटीने येतो. रंधा आणि लाकडाची पट्टी बरोबर असेल, मधल्या दाराखालची फट बुजवून टाकतो. मामीने लसणाची चटणी दिली आहे. तोवर सुरतेच्या माणसाला पैसे देऊ नकोस, आणि रोज रात्री एवढं बघून मला कळव, आईला झोपताना पाठीशी दोन उशा पुरतात की तीन लागतात.

तुझा,
मामा