शॉवर बदलायचाय? हातानेच की प्लंबर?

माझ्या सॅनिटरीच्या दुकानात हा प्रश्न रोज येतो. शॉवरचे आटे बहुतेक घरांत अर्धा इंची असतात. कॉक बंद करा, जुना शॉवर घड्याळाच्या उलट फिरवून काढा, पाइपच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे घड्याळाच्या दिशेने मारा आणि नवा हाताने घट्ट करा. झालं! याला प्लंबर कशाला?

पण जुना शॉवर क्षाराने जाम झाला असेल तर सांभाळा. मी एकदा मजुरी वाचवायला पान्ह्याने जोर लावला आणि भिंतीतला एल्बोच फुटला. टाइल फोडावी लागली, वर दुकान दुपारपर्यंत बंद. वाचवलेल्या मजुरीपेक्षा बुडालेली विक्री कितीतरी जास्त होती (बायकोने हिशोब मांडून दाखवला, तो वेगळाच). म्हणून एका हाताने पाइप धरून फिरवा. शॉवरऐवजी पाइपच फिरायला लागला की तिथेच थांबा.

आता शॉवर विकताना मी आधी विचारतो, "जुना हाताने सुटतोय का?" सुटत असेल तर सोबत टेप देतो, नाहीतर प्लंबरचा नंबर. ते गिऱ्हाईक पुढचा नळ घ्यायला माझ्याकडेच येतं.