सिद्धी, खंत आणि स्मृती : ‘अंतःस्फोट’मधील सिंहावलोकनाचे स्वरूप

१. प्रास्ताविक

सरत्या वर्षाकडे वळून पाहणे, त्यात काय साधले, काय राहून गेले, काय विसरता येत नाही याची नोंद घेणे ही कृती वरवर पाहता अगदी साधी आहे. या कृतीला मराठीत ‘सिंहावलोकन’ असा समर्पक शब्द आहे. सिंह काही अंतर चालून गेल्यावर मान वळवून मागे पाहतो. पण तो मागे फिरत नाही. मागे पाहणे आणि पुढे जाणे या दोन क्रिया या शब्दात एकत्र नांदतात. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना समीक्षेने आत्मशोध, सत्यकथन, प्रांजळपणा या निकषांचा बराच ऊहापोह केला आहे. तथापि आत्मकथनकार आयुष्यातील एखाद्या निर्णायक वर्षाचा हिशेब कसा मांडतो, त्यातील यश कोणाच्या खाती जमा करतो आणि खंत कोणाच्या नावे टाकतो, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेलेले दिसते.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुख्यतः कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकातील, संस्कृतच्या शिक्षणाविषयीच्या लेखाच्या आधारे तपासला आहे. तुलनेसाठी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) या ग्रंथातील १८९५ या वर्षाचे चित्रण घेतले आहे. या दोन्ही लेखिकांचा नागपूरशी संबंध आहे. पावडे यांचे शिक्षण व अध्यापन याच शहरात झाले, तर टिळक दांपत्याचा काही काळ येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने गेला. मात्र दोघींना एकत्र आणण्याचे कारण केवळ स्थलसाम्य नाही. ज्या घटनेची इतरांनी ‘सिद्धी’ म्हणून नोंद केली, तीच घटना दोघींच्याही लेखनात ‘खंत’ म्हणून येते. हे साम्य येथे महत्त्वाचे आहे.

२. स्मरणलेखन आणि ‘वासना’

मराठी गद्याचा आरंभच स्मरणातून झाला आहे. श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांचा शिष्यपरिवार विदर्भातील ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा आठवणाऱ्या व्यक्तींकडे जाऊन त्या संकलित केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मूळ ग्रंथ धामधुमीत नष्ट झाल्यानंतर तो पुन्हा शिष्यप्रशिष्यांच्या स्मृतीतून उभा करावा लागला. म्हणजे मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ दोनदा आठवलेला ग्रंथ आहे.

या ग्रंथाच्या रचनेतील एक विशेष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. एकाच लीळेविषयी दोन आठवणी जुळत नसतील, तर संकलक त्यांपैकी एक खोडत नाही. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची ‘वासना’ अशी, असे तो नोंदवतो. ‘वासना’ हा शब्द येथे आजच्या रूढ अर्थाने येत नाही. एखाद्याच्या मनावर उमटून राहिलेला प्रसंगाचा ठसा, त्याच्या स्मृतीतील पाठ, हा महानुभाव परिभाषेतील त्याचा अर्थ आहे. दोन वासना शेजारीशेजारी ठेवल्या जातात आणि त्यांच्यातील विसंगती हीच वाचकाच्या हाती दिलेली माहिती ठरते. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती (१९७८) अभ्यासणाऱ्यास ही पद्धती सुपरिचित आहे.

‘लीळाचरित्रा’तील वासना वेगवेगळ्या व्यक्तींच्या असतात, आत्मकथनात बोलणारी व्यक्ती एकच असते, हा भेद उघड आहे. तरीही ही संज्ञा आत्मकथनाच्या अभ्यासात उपयोगी पडते. आत्मकथनकारही अनेकदा एका घटनेचे दोन पाठ जवळ बाळगतो. त्यांपैकी एक पुसून टाकला की लेखन यशोगाथा तरी होते किंवा गाऱ्हाणे तरी. दोन्ही पाठ राखले, तरच ते खऱ्या अर्थाने सिंहावलोकन ठरते.

३. ‘स्मृतिचित्रे’ : १८९५चे दोन पाठ

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वाङ्मयेतिहासात ही तारीख टिळकांच्या चरित्रातील निर्णायक टप्पा म्हणून येते. त्यांच्या पुढील धार्मिक कवितेचा उगम तेथे दाखवला जातो. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मात्र हेच वर्ष घर मोडल्याचे वर्ष म्हणून समोर येते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या वर्षी पतीचा वियोग, आप्तांचे सांत्वन आणि समाजाची कुजबूज आली. पुढे सुमारे पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः तोच धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली ती त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई श्रद्धेने ख्रिस्ती आहेत. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. अशा लेखिकेने १८९५कडे वळून पाहताना त्या वर्षाच्या दुःखाला ‘अज्ञान’ ठरवून बाजूला सारले असते, तर ते धर्मांतरकथांच्या रूढ साच्यात चपखल बसले असते. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. १८९५ची स्त्री आपल्या सोवळ्याओवळ्यासह, रागासह आणि आकांतासह पुस्तकात जशीच्या तशी उभी राहते. प्रौढ लेखिका तिच्याकडे पाहून हसते. पण तिला खोटी पाडत नाही. येथे दोन वासना एकाच व्यक्तीच्या आहेत आणि त्यांच्यामध्ये काळाचे अंतर आहे. काळाने खंतीचे रूपांतर स्वीकारात केले आहे. परंतु खंत खोडली मात्र नाही. ‘चित्र’ हा शीर्षकातील शब्द याच अर्थाने सार्थ वाटतो. युक्तिवाद पुढच्या युक्तिवादाने रद्द होऊ शकतो. चित्राच्या बाबतीत तसे होत नाही.

४. ‘अंतःस्फोट’ : नियुक्तीचे वर्ष

कुमुद पावडे (१९३८-२०२३) यांचे ‘अंतःस्फोट’ हे सलग आत्मचरित्र नसून आत्मकथनपर लेखांचा संग्रह आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०) या पुस्तकांनी मराठी आत्मकथनाला नवे वळण दिले, त्याच काळात हा संग्रह प्रसिद्ध झाला. दलित स्त्रीचे आत्मकथन म्हणून बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) या पुस्तकांच्या आधी त्याचा निर्देश करावा लागतो. लेखसंग्रहाच्या घाटामुळे प्रत्येक लेखात आयुष्याचा एक टप्पा निवडून त्याकडे वळून पाहणे लेखिकेला शक्य झाले आहे.

संस्कृतविषयीच्या लेखाचा आरंभ विशेष लक्षणीय आहे. तेथे लेखिका स्वतःचे यश स्वतः सांगत नाही. ते इतरांच्या तोंडून ऐकवते. अमुक जातीत जन्मलेली स्त्री संस्कृत शिकते, शिकवते, याचे सभांमधून, परिचयांमधून होणारे कौतुक ती प्रथम मांडते आणि लगेच सांगते की या कौतुकाने आपल्याला आनंद होत नाही. स्तुतीच्या मुळाशी असलेले नवल जातीविषयीच्या तुच्छतेतून जन्मले आहे, हे तिला जाणवते. म्हणजे ‘सिद्धी’चा पाठ समाजाचा आहे आणि तो लेखाच्या पहिल्याच परिच्छेदांत परका ठरवला गेला आहे.

यानंतर स्मृतींचा क्रम सुरू होतो. मुंजीच्या समारंभातील मंत्रघोषाकडे ओढल्या गेलेल्या शाळकरी मुलीला मिळालेली हडतूड त्यात आहे; तसेच संस्कृत शिकवायला आढेवेढे घेतील असे वाटले असताना मनःपूर्वक शिकवणारे गोखले गुरुजीही आहेत. पुढे विद्यापीठात याच्या उलट अनुभव येतो. विद्वत्तेमुळे उदारता येतेच असे नाही, हे लेखिका येथे प्रसंगांतून दाखवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शालेय जीवनात संस्कृतऐवजी फारसी घ्यावी लागली होती, हा संदर्भ लक्षात घेतला म्हणजे या मुलीच्या संस्कृत शिकण्याला केवळ वैयक्तिक आवडीपलीकडचे परिमाण लाभते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा लेखिका अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. ज्या शहरात हजारो वर्षांच्या धर्मबंधनाचा जाहीर त्याग घडला, त्याच शहरात ती त्या धर्माच्या भाषेवर आपला हक्क सांगत होती. या दोन गोष्टींत वरवर विरोध भासला, तरी दोहोंच्या मुळाशी नाकारलेले माणूसपण परत मिळवण्याचीच प्रेरणा आहे.

एम. ए.च्या उज्ज्वल यशानंतर मात्र नोकरीविना काळ जातो. कौतुक होते, आश्वासने मिळतात, पण नियुक्ती होत नाही. पुढे आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवर हे आडनाव मागे पडून पावडे हे आडनाव येते आणि शासकीय महाविद्यालयातील अध्यापकपद मिळते. ज्या महाविद्यालयात शिक्षण झाले, तेथेच पुढे प्राध्यापक होण्याचे भाग्यही लाभते. कोणत्याही रूढ हिशेबात नियुक्तीचे हे वर्ष सिद्धीचे वर्ष ठरले असते. लेखाचा शेवट मात्र वेगळे सांगतो. नोकरीचे श्रेय कुमुद सोमकुवर हिचे नाही, ते कुमुद पावडे या नावाचे आहे. विवाहाने स्त्रीचे आडनाव बदलते आणि त्यासोबत तिची जातही बदलली असे गृहीत धरले जाते, असा त्याचा आशय आहे. माहेरच्या नावाने जगणारी मुलगी वंचितच राहिली, या जाणिवेवर लेख थांबतो.

५. ज्ञान आणि पद

या शेवटावर एक आक्षेप संभवतो. श्रेय नाकारण्यात लेखिका स्वतःच्या परिश्रमांवर अन्याय करीत नाही काय? पात्रता तिची होतीच. आडनाव हे केवळ निमित्त झाले, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त वाटतो. पण लेखाची मांडणी बारकाईने पाहिली असता त्याचे उत्तर मिळते. लेखिका संस्कृतच्या ज्ञानाचे श्रेय कोठेही नाकारत नाही. ते तिने, गोखले गुरुजींच्या साहाय्याने, कष्टाने मिळवले आहे आणि त्याविषयीची कृतज्ञता व अभिमान दोन्ही लेखात आहेत. ती नाकारते ते पदाचे श्रेय. ज्ञान मिळवता येते, पद दिले जाते. आणि देणाऱ्याने ते कोणते नाव पाहून दिले, हा तिचा प्रश्न आहे. पात्रता जर आधीपासून होती, तर ती सोमकुवर या नावाखाली का दिसली नाही? आक्षेपकाचे विधान अशा रीतीने लेखिकेचाच मुद्दा बळकट करते.

येथे ‘स्मृतिचित्रे’शी असलेला भेद स्पष्ट होतो. लक्ष्मीबाईंच्या दोन वासनांमध्ये काळ आहे आणि त्या काळाने त्यांच्यात समेट घडवून आणला आहे. पावडे यांच्या दोन वासना समकालीन आहेत. नियुक्तीच्या क्षणी समाजाची वासना ‘यश’ म्हणते आणि त्याच क्षणी लेखिकेची वासना ‘पराभव’ म्हणते. पराभव झाला तो तिच्या पूर्वनावाचा. काळ लोटल्यानेही हा भेद मिटत नाही. कारण लेखाच्या आरंभीचे कौतुक लेखनाच्या वेळीही चालूच आहे. म्हणूनच लेख कौतुकाने सुरू होऊन श्रेयनाकाराने संपतो आणि या दोन टोकांमध्ये स्मृतींचा भाग साक्षीपुराव्यासारखा रचला जातो. लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी विनोद जे कार्य करतो, ते पावडे यांच्या ठिकाणी उपरोध करतो. विनोदाला झाले-गेले यांच्याशी सलोखा साधता येतो. उपरोधाला तो परवडत नाही.

या अनुषंगाने भाषेचाही विचार करावयास हवा. पावडे यांच्या गद्यात संस्कृतप्रचुर, प्रौढ वाक्यरचना आढळते. दलित आत्मकथनाकडून बोलीचीच अपेक्षा बाळगणाऱ्या वाचकाला ती अनपेक्षित वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ज्या भाषेचा अधिकार नाकारला गेला, तिच्याच शब्दकळेत त्या नकाराचा जाब विचारणे हा या शैलीचा अर्थ आहे. आशयात नाकारलेले श्रेय शैली मात्र ठामपणे आपल्याकडे घेते.

६. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, सिंहावलोकनातील सिद्धी, खंत आणि स्मृती हे तीन स्वतंत्र रकाने नाहीत. एकच घटना सिद्धी आणि खंत या दोन्ही रूपांनी नोंदली जाऊ शकते आणि त्यांतील नाते उलगडण्याचे काम स्मृती करते. दुसरा असा की, आत्मकथनातील निर्णायक वर्ष तारखेने ठरत नाही. ज्या वर्षाविषयी दोन वासना शिल्लक राहतात, ते निर्णायक ठरते. तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी निगडित आहे. ‘अंतःस्फोट’सारखे लेखन वर्गात शिकवताना ते प्रतिकूलतेवर जिद्दीने मात केल्याची कहाणी म्हणून मांडण्याचा मोह होतो. तसे करणारा अध्यापक नकळत लेखाच्या आरंभीच्या कौतुक करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. लेखिकेने ज्या पाठाला परका ठरवले, तोच तिच्या नावावर पुन्हा चढवला जातो.

म्हाइंभटांनी न जुळणाऱ्या दोन वासना शेजारीशेजारी ठेवल्या आणि निवाड्याची घाई केली नाही. या लेखनाच्या वाचनातही तोच संयम आवश्यक आहे. कुमुद पावडे प्राध्यापक झाल्या, ही नोंद खरी आहे. कुमुद सोमकुवर हिला ते पद मिळाले नाही, हीही नोंद तितकीच खरी आहे. विद्यार्थ्याच्या वहीत या दोन्ही नोंदी उतरल्या, तरच त्या वर्षाचा हिशेब पुरा होईल.